काळी पाच

"परवा टीव्हीवर गात होती ती आमची रूथ नव्हती," आबा म्हणाले.

मी नुकताच गाडीतून उतरलो होतो. बॅग ठेवायला वाकलो, तो तसाच थांबलो. ओट्यावर लाकडी खुर्चीत बसलेले आबा माझ्याकडे बघत नव्हते, कारण त्यांना दिसतच नव्हतं. एक डोळा कधीच गेला होता आणि दुसऱ्याला उजेड कुठे, अंधार कुठे एवढंच कळायचं. कान मात्र असे, की शेजारच्या घरात पितळी भांडं पडलं तर ते कोणत्या सुरात पडलं हे सांगतील.

"रूथच होती की, आबा. खाली नाव आलं होतं तिचं."

"नाव वाचायला मला दिसतंय कुठं? मी ऐकलं. गळा तिचा होता, जागा तिची नव्हती. पांढऱ्या पाचमध्ये गात होती. माझी मुलगी जन्मात कधी पांढऱ्या पाचमध्ये गायलेली नाही."

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, प्रभुदास गुरुजी. नेवासे तालुक्यातल्या आमच्या खारओहोळ गावात मिशनची शाळा होती तेव्हा ते तिथे शिकवायचे, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची भजनं पन्नास वर्षं त्यांनीच बसवली. रूथ त्यांची एकुलती एक. उभा महाराष्ट्र तिला 'ऋता नेवासकर' म्हणून ओळखायचा. जत्रेत, वरातीत, एसटी स्टँडवरच्या रसवंतीत, कुठेही जा, तिचीच गाणी. तिचा षड्ज काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली शेवटची काळी पट्टी. बायकांमध्ये इतक्या वरून गाणाऱ्या थोड्याच. पोस्टरवर छापायचेसुद्धा, 'काळी पाचची राणी'. आणि मी देवदान, तिचा चुलतभाऊ, वीस वर्षं तिच्या मागे बसून कीबोर्ड वाजवणारा. पोस्टरवर माझं नाव छापायला कागद पुरत नसे.

"तिला माहीत आहे का?" आबांनी विचारलं.

मी बॅगेचा पट्टा सारखा करत राहिलो.

"म्हणजे नाही," आबा म्हणाले.

त्याच्या आदल्या जूनमध्ये सांगलीला दुपारचा कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात, वरच्या मध्यमावर तिचा आवाज फाटला. एकदाच. तिने पदर झटकला, डोळा मिचकावला, लोकांना वाटलं हीसुद्धा एक अदा. पण रंगपटात आल्यावर तिने आरशाकडे पाठ केली आणि पदराने डोळे टिपले. "दान्या, या धंद्यात बाईची पट्टी खाली आली की लोक दुसऱ्या दिवशी नवी बाई शोधतात," ती म्हणाली. "पुण्याच्या गळ्याच्या डॉक्टरची वेळ घे." मी सोमवारची वेळ घेतली.

मध्ये शनिवारी साताऱ्याचा कार्यक्रम होता. कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवायची आणि सूर मात्र अर्ध्याने खाली वाजतो. ते मी दाबलं. रूथची लहानपणापासूनची सवय, सूर घेताना वाजवणाऱ्याच्या बोटाकडे बघायचं. तिने बघितलं, बोट काळ्या पाचवर होतं. ती निर्धास्त गायली आणि मध्यम असा लागला की मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. विंगेत येऊन तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

"लेका, मोकळा झाला गळा! थकवा होता नुसता. ती डॉक्टरची वेळ रद्द करून टाक."

मी फोन करून रद्द केली. बहिणीचं दुःख हलकं केलं म्हणून माझी छाती फुगली होती. माझ्या घरची चूलही तिच्याच गळ्यावर पेटत होती, हे मी स्वतःला सांगायचं टाळलं.

मग नवरात्रात ते बटण दुसऱ्यांदा दाबलं. नाताळानंतर तिसऱ्यांदा. बटणाशेजारच्या खिडकीत उणे तीन असा आकडा दिसायचा, म्हणजे काळ्या पाचचा सूर पांढऱ्या पाचवर उतरलेला. त्या आकड्यावर मी क्रूसाचं स्टिकर चिकटवलं. ढोलकीवाला माझ्याकडूनच सूर घेऊन ढोलकी चढवायचा. त्याला कळलं असणार, पण तो कामापुरतं बोलणारा माणूस.

वर्षात एकच दिवस असा होता, ज्या दिवशी माझं बटण चालणार नव्हतं, आणि तो उद्या होता.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या देवळात बारा ते तीन उपासना असते. मेन स्विच पाडतात. पंखा नाही, माइक नाही, दिवा नाही. खिडक्यांना काळं कापड. क्रुसावरचे सात उद्गार वाचून होतात, आणि सातव्यानंतर मरीयेचं गाणं होतं. ते आबांनी रचलेलं. आधी रूथची आई गायची, ती वारल्यापासून, म्हणजे चौदाव्या वर्षापासून, रूथ गाते. ती स्टेजवर लावण्या गायला लागली तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ठराव केला की हिने वेदीसमोर उभं राहायचं नाही. आबा म्हणाले, ठीक आहे, मग पेटीला दुसरा माणूस बघा. ठराव तिथेच विरला. तेव्हापासून परदेशातला कार्यक्रम असो की शूटिंग, उत्तम शुक्रवारी रूथ खारओहोळला येणार म्हणजे येणार. साथीला एका गोऱ्या मडमेने मागे ठेवलेली पायपेटी. तिला बटण नाही.

"आबा," मी म्हणालो, "या वर्षी जरा खालून वाजवू का? तिचा उपास असतो, ऊन आहे..."

"तू वाजवशील. ती गाईल का?" आबांनी मान माझ्या दिशेने वळवली. "आणि देवदान, नुसती पट्टी उतरलेली नाही. तिच्या आवाजाच्या मागं काहीतरी आहे. भाकरीत खडा असावा तसं लागतं मला. गाणं संपलं तरी ते माझ्या कानात राहिलं. रात्री मला झोप लागली नाही."

"वय झालं की होतं थोडंफार."

"सेहेचाळीस म्हणजे वय? तिची आई शेवटच्या वर्षीसुद्धा... असू दे." त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "उद्या बाराच्या आत तिला सांग. मी सांगणार नाही. तू केलंस, तूच सांग."

रूथ आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेली होती, ती तासाभराने आली. आल्या आल्या सगळ्या आळीला कळलं. दोन बायका फोटो काढून गेल्या, एक सुनेला घेऊन आली. रूथ सगळ्यांशी हसून बोलली, पण मध्येच गालावर तळहात दाबायची.

"दाढ दुखतीय का गं?" मी विचारलं.

"कान. आतून ठणकतोय. तुझ्या त्या स्पीकरचं देणं आहे, दुसरं काय. वीस वर्षं कानाशी आदळआपट चाललीय."

जेवताना तिने भाकरी कालवणात पार लगदा होईपर्यंत बुडवली. घास गिळताना मान एका बाजूला कलायची. हे मी दोन महिने बघत होतो. आबा आपल्या ताटाकडे तोंड करून बसले होते, घास हातातच, आणि ती गिळायची तेव्हा त्यांचं चावणं थांबायचं.

जेवण झाल्यावर ते मुद्दाम उठून आत गेले. मला उगाच पाणी प्यावंसं वाटलं. मी पाणी प्यालो.

"रूथ, उद्या... उद्याच्या गाण्याचं बोलायचं होतं."

"बोल की."

"जरा खालून घेऊ या का? कुणाला कळणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

"आईचं गाणं? आबांसमोर? खालून?" तिने डोळे पुसले. "मी मेल्यावर वाजव खालून. अरे, या वर्षी गळा कसा लागलाय बघतोयस ना? दहा वर्षांत असा लागला नव्हता. खोकला असो, कान असो, वर गेलं की कसं सरळ जातं. मी तर रोज देवाचे आभार मानते. आणि तू खालून म्हणतोयस?"

त्यानंतर मी सांगायला हवं होतं. तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की माझी जीभ उचलली नाही. सकाळी सांगू म्हणालो. सकाळी ती आंघोळ करून पांढरी साडी नेसून बसली होती, मौन होतं. उपासनेआधी ती बोलत नसे. मला केवढं हायसं वाटलं, त्याची आजही लाज वाटते.

आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून देवळाकडे चालत होते. "सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारलं. मी वाटेतला दगड पायाने बाजूला सारला. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि उरलेली वाट काठीने चाचपत चालले.

देवळात दीडशे माणूस असेल. एप्रिलचं ऊन पत्र्यावर आदळत होतं आणि आत कुणी वहीने, कुणी पदराने वारा घेत होतं. एक एक उद्गार वाचून होत होता. प्रत्येक उद्गारानंतर वेदीवरची एक मेणबत्ती विझवायची. सहावी विझली तेव्हा मी दोन्ही तळहात पँटला पुसले. पाळकसाहेबांनी सातवा वाचला, पवित्र शास्त्र मिटलं आणि शेवटची मेणबत्ती विझवली. दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड उरला.

रूथ उठली. माझ्या डाव्या बाजूला येऊन तिने पायपेटीच्या लाकडावर हात ठेवला, दरवर्षी ठेवायची तसा. मी पाय चालवायला सुरुवात केली. भात्यात वारा भरला. आणि मी सरळ पांढऱ्या पाचवर बोट ठेवलं. आता उघडच करायचं, बघू दे, चिडू दे, पण खालून गाऊ दे, एवढाच माझा विचार.

तो सूर देवळात पसरला. पहिल्या बाकावर आबांची मान ताठ झाली.

रूथने माझ्या बोटाकडे पाहिलं. तिला वाटलं मी अंधारात चुकलो. तिच्या ओठांवर अगदी थोडं हसू आलं. तिने लाकडावरचा हात उचलला, माझं बोट धरलं आणि अलगद काळ्या पाचवर नेऊन ठेवलं. लहानपणी आबा आम्हा दोघांची बोटं अशीच धरायचे.

ती गायला लागली.

पहिलं कडवं मधल्या सप्तकातलं. ते नीट गेलं, फक्त मला ऐकू येत होता तो आबांनी सांगितलेला खडा. मरीया क्रुसाखाली उभी आहे, लेकाच्या पायाला हात पुरत नाही, असं ते गाणं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक ओळ आहे, 'ऊन फार झाले बाळा, सावलीला ये.' ती तीनदा म्हणायची आणि तिन्ही वेळा 'सावलीला' वरच्या मध्यमावर. देवळातली म्हातारी माणसं त्या ओळीसाठी वर्षभर थांबलेली असतात.

पहिल्यांदा आवाज चिरला. लोकांना वाटलं रडू आलं. समोरच्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्यांदा तिने छाती भरून श्वास घेतला. गळ्याच्या शिरा तटतटून वर आल्या, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. नुसता वारा. फुटक्या भात्यातून येतो तसा. पेटीचा सूर तेवढा वाजत राहिला. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते पाहणं मी अकरा वर्षं विसरलेलो नाही. तिला तिथेच, त्या क्षणी कळलं. सगळं नाही, पण मी काहीतरी केलंय एवढं कळलं.

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं नाही. मी सूर धरून बसलो होतो, सोडायचा कसा ते सुचेना. आणि मग पहिल्या बाकावरून आबांचा आवाज आला. एक्याऐंशी वर्षांचा, कापरा, पार खालच्या सप्तकातला. 'ऊन फार झाले बाळा, सावलीला ये.' बसल्या जागेवरून त्यांनी ती ओळ पुरी केली.

आमच्याकडे रीत आहे. त्या गाण्यानंतर आशीर्वाद नाही, घंटा नाही. मंडळी उठते आणि गप्प घरी जाते. घरी जाऊन पाणी पिईपर्यंत कुणी कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. लहान पोरंसुद्धा पाळतात. त्यामुळे देवळाच्या पायऱ्यांवर कुणी तिला विचारलं नाही, कुणी धीर दिला नाही. दीडशे माणसं तिच्या बाजूने खाली बघत निघून गेली.

देवळापासून घर पंधरा मिनिटांवर. पुढे रूथ, मागे मी, मागून एका शेजाऱ्याचा हात धरून आबा. शाळा गेली, थडगी गेली. माझ्याजवळ दहा महिन्यांचं बोलणं साठलं होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती. ती वळून बघत नव्हती. तिचा उजवा हात गळ्यावर होता. बोटं जबड्याखाली चाचपत जायची, एका जागी थांबायची, पुढे जायची आणि पुन्हा त्याच जागी यायची.

घरी तिने माठातून पाणी घेतलं. मान कलती करून, तीन घोटांत प्याली. भांडं पालथं ठेवलं.

"किती?" तिने विचारलं. आवाज घोगरा, पण शांत.

"तीन."

"तीन पट्ट्या?"

"अर्धे अर्धे तीन. दीड सूर."

"कधीपासून?"

"सांगलीपासून. म्हणजे साताऱ्यापासून. जून."

आबा दारात येऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रूथ, तू त्या दिवशी किती रडवेली झाली होतीस. मला बघवेना गं. मला वाटलं थोडे दिवस, मग गळा आपोआप..."

"इकडे ये," ती म्हणाली.

मी जवळ गेलो. तिने माझं बोट धरलं, तेच, देवळात धरलेलं, आणि आपल्या जबड्याखाली डाव्या बाजूला ठेवून दाबलं. कातडीखाली बोराच्या बीएवढं काहीतरी होतं. टणक. जागेवरून हललं नाही.

"दिवाळीपासून आहे हे," ती म्हणाली. "कान त्याच्याही आधीपासून. गिळायला त्रास नाताळापासून. मी रोज रात्री म्हणायचे, जाऊ या का डॉक्टरकडे? आणि रोज स्टेजवर मध्यम लागायचा. मग मी म्हणायचे, गळ्यात काही असतं तर वर गेलं असतं का? गाणाऱ्याला हेच एक कळतं रे. दुसरं काही कळत नाही."

आबा काठी टेकत खाली बसले, तिथेच, उंबऱ्याच्या आत, जमिनीवर. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी बोट काढून घ्यायला गेलो, तिने सोडलं नाही. बराच वेळ तसंच दाबून धरलं.

पुनरुत्थानाचा रविवार तिने बाकावर बसून काढला. मंगळवारी मी तिला पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता. माझ्या आईला तुमची गाणी फार आवडतात, म्हणाला. मग नळी घालून तपासलं, पडद्यावर बघितलं, गाठीचा तुकडा काढून पाठवला. त्या दिवशी त्याने आईचं नाव पुन्हा काढलं नाही. आठवड्याने आम्हाला बोलावलं तेव्हा तो कागदांकडे बघूनच बोलत होता.

"पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, मला खात्री वाटते. आवाज नाही वाचणार. गाण्याचा तर नाहीच, बोलण्याचाही नाही."

रूथने मान हलवली. जणू बस किती वाजता आहे हे ऐकून घेतलं.

डॉक्टरने समोरचं रजिस्टर मागे चाळलं. त्याला राग आला होता, आणि तो लपवता येत नव्हता. "तुमच्यासारख्या गाणाऱ्यांना तर हे सगळ्यांच्या आधी कळतं हो. वरचा सूर लागेनासा होतो. इथे जूनमध्ये तुमच्या नावाची वेळ दिसतेय आणि रद्द केलेलीही दिसतेय. तेव्हा आला असता तर नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं. आज गात असता तुम्ही. का नाही आलात?"

मी खुर्चीतून उठलो. "डॉक्टर, त्याचं असं आहे, की ती वेळ..."

रूथने माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. पकड घट्ट होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरकडे बघत होती.

"जूनमध्ये मला काही त्रासच नव्हता, डॉक्टर," ती म्हणाली.